स्वयंपाकघरासाठी कात्री निवडताना

स्वयंपाकघरासाठी पहिल्यांदाच कात्री विकत घेणारा माणूस बहुधा दुकानात उभ्या उभ्या पात्यावरून अंगठा फिरवतो, धार आहे असे पाहून समाधान पावतो आणि पैसे देतो. नव्या कात्रीला धार जवळजवळ नेहमीच असते, आणि ती गेली तरी थोड्या पैशांत पुन्हा लावून घेता येते. सांध्याचे तसे नाही. जिथे दोन पाती एकमेकांना जोडलेली असतात तो सांधा मुळात सैल किंवा वाकडा असेल, तर ती कात्री कितीही धारदार असली तरी कोथिंबिरीची काडी कापण्याऐवजी दोन पात्यांच्या मध्ये दुमडून ठेवते. म्हणून निवड करताना सर्वाधिक वेळ सांध्यावर घालवावा आणि बाकीच्या गोष्टी त्याच्यामागून पाहाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

यामागचे कारण कात्रीच्या घडणीत आहे. कात्रीची दोन पाती म्हणजे दोन सपाट पट्ट्या नसतात. प्रत्येक पाते आतल्या अंगाने किंचित खोलगट घासलेले असते आणि लांबीतही अगदी थोडे वाकवलेले असते, त्यामुळे चांगली कात्री मिटवून कडेने उजेडासमोर धरली, तर सांधा आणि टोक यांच्या दरम्यान उजेडाची एक बारीक फट दिसते. ही फट म्हणजे दोष नव्हे. कात्री मिटत जाते तसतशी पाती एका वेळी एकाच बिंदूवर एकमेकांना घासतात, तो बिंदू सांध्यापासून टोकापर्यंत सरकत जातो आणि कापण्याचे सगळे काम तिथेच होते. पात्यांना त्या बिंदूवर एकमेकांवर दाबून ठेवणे ही सांध्याची जबाबदारी असते. तो दाब कमी पडला की पाती बाजूला सरकतात आणि पातळ, ओला किंवा लवचीक पदार्थ मध्येच अडकतो.

आधी कामे ठरवावीत

दुकानात जाण्यापूर्वी, आपल्या घरात कात्रीकडून नेमके काय करून घ्यायचे आहे, याचा विचार करावा. शाकाहारी घरात ही कामे साधारणपणे हलकी असतात. दुधाच्या आणि मसाल्याच्या पिशव्या उघडणे, कोथिंबीर आणि कांद्याची पात बारीक करणे, गवारीची व घेवड्याची टोके काढणे, शेवग्याच्या शेंगांचे तुकडे करणे, फोडणीच्या पोळीसाठी शिळ्या पोळ्यांच्या पट्ट्या कापणे, सुक्या लाल मिरच्यांचे तुकडे करणे अशी ही यादी असते. यांतले शेवटचे काम तर कात्रीनेच करावे, कारण मिरची हाताने मोडली की बोटांची आग बराच वेळ जात नाही. या सगळ्यासाठी एकूण १८ ते २० सेंटीमीटर लांबीची, निमुळत्या टोकाची हलकी कात्री पुरेशी होते.

मासे खाणाऱ्या घरात मागणी वाढते. पापलेटचे पर आणि शेपूट काढणे, ओल्या बोंबलाचे तोंड व पर छाटणे, भाजण्यापूर्वी सुक्या बोंबलाचे तुकडे करणे, कोळंबीचे कवच पाठीवरून चिरून आतला काळा दोरा काढणे ही कामे विळीपेक्षा कात्रीने अधिक सोपी होतात, विशेषतः ज्यांचा हात विळीवर बसलेला नाही त्यांना. येथे २० ते २२ सेंटीमीटर लांबीची, सांध्याजवळ जाड आणि टोकाशी बऱ्यापैकी बारीक होत जाणारी कात्री हवी. टोक फार बोथट किंवा गोल असेल, तर कोळंबीच्या कवचाखाली ते शिरत नाही.

कोंबडीसाठी आणखी जोर लागतो. अख्ख्या कोंबडीचा पाठकणा दोन्ही बाजूंनी कापून काढणे, पंख वेगळे करणे, बरगड्या कापणे इतपत काम चांगली जड कात्री करते. तंगडीचे हाड मधोमध तोडणे हे मात्र साध्या कात्रीचे काम नाही, आणि मटणाच्या हाडाला तर तिने हातच लावू नये. ज्यांच्याकडे अख्खी कोंबडी वरचेवर येते, त्यांनी वाकडी पाती आणि मुठींमध्ये स्प्रिंग असलेली, खास कोंबडीसाठी बनवलेली कात्री वेगळी घ्यावी. आठवड्यातून एकदा दुकानातूनच तुकडे करून आणणाऱ्या घराला तिची गरज नसते, आणि ती खणात जागाही बरीच अडवते.

ज्या घरात मांसाहार आणि शाकाहार दोन्ही शिजतात, तेथे दोन कात्र्या असाव्यात आणि त्यांच्या मुठींचे रंग वेगळे असावेत. श्रावण पाळणाऱ्यांना याचे कारण सांगायला नको, पण न पाळणाऱ्यांनीही ही सवय लावून घ्यावी. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात, आणि त्याच कात्रीने शिजवलेल्या पदार्थावर कोथिंबीर कातरली तर ते थेट ताटात पोहोचतात.

सांध्याचे तीन प्रकार

बाजारात मुख्यतः तीन प्रकारचे सांधे दिसतात. पहिला रिव्हेटचा, म्हणजे ठोकून कायमचा बसवलेल्या खिळ्याचा. तो स्वस्त पडतो आणि सुरुवातीला घट्ट असतो, पण कालांतराने सैल झाला तर तो पुन्हा बरोब्बर आवळणे घरी जमत नाही, शिवाय त्याच्या आत अडकलेला माशाचा चिकटपणा कधीच पूर्णपणे निघत नाही. दुसरा स्क्रूचा, जो सैल झाल्यावर पेचकसाने आवळता येतो. कापड कापण्याच्या चांगल्या कात्र्यांना हाच असतो, आणि केवळ कोरडी व शाकाहारी कामे करायची असतील तर तो उत्तमच आहे. तिसरा म्हणजे सुटा होणारा सांधा. त्यात एका पात्यावर विशिष्ट आकाराचे बोंड असते आणि दुसऱ्यात त्याच आकाराचे छिद्र असते. कात्री सुमारे काटकोनात किंवा त्याहून जास्त उघडली की दोन्ही पाती वेगळी होतात आणि प्रत्येक पाते सुरीसारखे स्वतंत्रपणे घासून धुता येते.

मासे आणि कोंबडी कापणाऱ्या स्वयंपाकघरासाठी तिसऱ्या प्रकाराखेरीज दुसरा विचार करू नये. एक काळजी मात्र घ्यावी. सुटी होणारी स्वस्त कात्री बऱ्याचदा इतकी सैल बनवलेली असते की ती कापता कापताच उघडून हातात येते, किंवा पाती एकमेकांपासून आडव्या दिशेने हलतात. दोन्ही मुठी धरून पाती कापण्याच्या दिशेने नव्हे, तर एकमेकांपासून दूर नेण्याच्या दिशेने हलवून पाहावीत. तेथे खडखड जाणवली तर ती कात्री तशीच परत ठेवावी, मग तिच्यावर कोणाचेही नाव छापलेले असो.

पोलाद आणि त्यावरचे आकडे

भांडी घेताना ३०४ किंवा १८/८ हे आकडे पाहण्याची आपल्याला सवय असते. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले ते पोलाद गंजाला चांगले तोंड देते, म्हणून डब्यांसाठी आणि पातेल्यांसाठी ते योग्यच आहे. परंतु तापवून आणि पाणी देऊन ते कडक करता येत नाही, त्यामुळे त्याच्या पात्याला धार टिकत नाही. कात्रीची मूठ त्या पोलादाची असली तर बिघडत नाही, पाते मात्र कडक होऊ शकणाऱ्या स्टेनलेस पोलादाचे हवे.

अशा पोलादांपैकी सर्वांत जास्त दिसणारे म्हणजे ४२० आणि त्याचे ४२०जे२ हे रूप. त्यात साधारण १२ ते १४ टक्के क्रोमियम असते आणि कर्बाचे प्रमाण कमी असते, त्यामुळे ते गंज बऱ्यापैकी रोखते, धार मध्यम टिकवते आणि स्वस्त पडते. चिनी बनावटीच्या कात्र्यांवर ३सीआर१३ असे लिहिलेले आढळते. त्यातील पहिला आकडा सुमारे ०.३ टक्के कर्ब आणि शेवटचा सुमारे १३ टक्के क्रोमियम दर्शवतो, म्हणजे गुणाने ते ४२०च्या जवळचेच आहे. ५सीआर१५ किंवा जर्मन पद्धतीचे १.४११६ हे आकडे दिसले, तर कर्ब ०.५ टक्क्यांच्या आसपास आणि क्रोमियम १५ टक्क्यांच्या आसपास आहे असे समजावे. हे पोलाद धार अधिक काळ धरते. कडकपणा एचआरसी या एककात दिलेला असेल, तर ५२ ते ५६ हा आकडा स्वयंपाकघरातील कात्रीसाठी योग्य मानावा. सुरीसाठी याहून अधिक कडक पोलाद चालते, परंतु कात्रीची पाती हाडावर आणि एकमेकांवर आदळत असल्याने ती फार कडक असली तर त्यांच्या कपच्या उडण्याची भीती असते.

आकडे लिहिलेले नसतील, तर फ्रीजवर लावायचे चुंबक सोबत न्यावे. ते पात्याला चिकटले नाही, तर पाते भांड्यांच्या पोलादाचे आहे असे समजून पुढे जावे. चिकटले तर मात्र एवढेच कळते की पोलाद त्या जातीचे नाही. ते नीट पाणी देऊन कडक केले आहे की नाही हे चुंबक सांगू शकत नाही, कारण कडक न होणारी काही स्वस्त पोलादेही चुंबकाला चिकटतात.

वेष्टनावर ‘जर्मन स्टील’ असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ फार ताणू नये. जर्मनीतील झोलिंगेन हे शहर सुऱ्या-कात्र्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि त्या शहराचे नाव १९३८ पासून कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे पात्यावर कोरलेल्या त्या नावाला वजन आहे. ‘जर्मन स्टील’ ही छापील ओळ कोणालाही टाकता येते. आपल्याकडे हाच मान मेरठच्या कात्रीचा आहे. तिला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पारंपरिक मेरठी कात्री भंगारातील कर्बयुक्त पोलाद घडवून बनवली जाते, तिची धार उत्तम असते आणि ती पुन्हा पुन्हा लावता येते, म्हणून शिंपी ती वर्षानुवर्षे वापरतात. मात्र हे पोलाद स्टेनलेस नसल्याने लिंबू, कोकम, मीठ आणि ओला मासा यांच्या संगतीत ते लवकर गंजते. पिशव्या, मिरच्या आणि पापड एवढेच काम असेल तर अशी कात्री अवश्य घ्यावी.

धार साधी की दातेरी

स्वयंपाकघरातील बहुतेक कात्र्यांचे एक पाते साधे आणि दुसरे बारीक दात्यांचे असते, आणि ही रचना विचारपूर्वक केलेली आहे. माशाची किंवा कोंबडीची ओली त्वचा दोन गुळगुळीत पात्यांच्या मधून पुढे निसटते. दाते तिला जागच्या जागी धरून ठेवतात आणि साधे पाते कापते. दाते इतके बारीक असावेत की हाताने जेमतेम जाणवतील. करवतीसारखे मोठे दाते कोथिंबिरीची पाने कापण्याऐवजी चुरगाळतात आणि ती लवकर काळी पडतात. दोन्ही पाती दातेरी असलेली कात्री टाळावी, कारण तिला घरी किंवा धारवाल्याकडे धार लावणे जवळजवळ अशक्य असते.

पात्यावर सांध्याजवळ अर्धगोल खाच असेल तर ती हाडासाठी असते. सांध्याच्या जितके जवळ कापावे तितका जोर अधिक मिळतो. अडकित्त्यात सुपारी नेहमी सांध्याला भिडवूनच धरली जाते, ती याच कारणाने. ही खाच हाडाला त्या जागी धरून ठेवते, नाहीतर ते टोकाकडे घसरत जाते.

मुठींमधील अक्रोड फोडण्याचे दाते खेकड्याच्या नांग्यांसाठीही उपयोगी पडतात. बाटलीचे बूच उघडण्याची सोय, पेचकसाचे टोक, खवले काढण्याची कड यांकडे पाहून निवड करू नये. अशी प्रत्येक जोड कोपरे वाढवते, आणि कोपऱ्यांत घाण बसते.

मूठ आणि हात

कात्री उजव्या किंवा डाव्या हाताची असते, हे अनेकांना ठाऊक नसते. उजव्या हाताने कात्री मिटताना अंगठा आणि बोटे नकळत मुठींना तिरका दाब देतात आणि त्या दाबाने पाती एकमेकांवर बसतात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच दाब पात्यांना एकमेकांपासून दूर लोटतो. डावखुऱ्या माणसाला कात्री नीट वापरता येत नाही असे घरात म्हटले जाते, तेव्हा दोष बहुधा कात्रीचाच असतो. डावखुऱ्यांसाठीच्या खऱ्या कात्रीत मुठीबरोबर पात्यांची जागाही उलटलेली असते. ‘दोन्ही हातांसाठी’ असे लिहिलेल्या कात्रीत पुष्कळदा फक्त मूठ सारखी केलेली असते, तेव्हा ती वापरून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

मुठीच्या एका कडीत अंगठा सहज जावा आणि दुसऱ्या कडीत किमान तीन बोटे मावावीत. जोर लावताना तीन बोटे आत असली तर हात लवकर दमत नाही. पूर्ण धातूच्या मुठी टिकाऊ आणि स्वच्छ ठेवायला सोप्या असतात, परंतु ओल्या हातात त्या निसटतात आणि कोंबडी कापताना बोटांना रुततात. प्लास्टिकच्या मुठी हाताला सुखावह असतात. फिनलंडच्या फिस्कार्स कंपनीने १९६७ साली नारिंगी प्लास्टिकच्या मुठींची हलकी कात्री आणली आणि पुढे हाच प्रकार जगभर रूढ झाला. प्लास्टिकची मूठ घेताना पात्याचे पोलाद मुठीत खोलवर गेले आहे ना, आणि जिथे ते आत शिरते तिथे भेग नाही ना, हे पाहावे. अतिशय मऊ रबरी आवरण काही वर्षांत चिकट होते, म्हणून मला ते पसंत नाही.

संधिवाताचा त्रास असणाऱ्यांनी स्प्रिंगने आपोआप उघडणारी कात्री पाहावी. तिला मिटवून ठेवण्याची कडी असतेच, आणि ती कडी अंगठ्याने सहज सरकते ना, याची खात्री करून घ्यावी.

दुकानात करावयाच्या चाचण्या

दुकानदाराला वेष्टन उघडून दाखवण्याची विनंती करावी. तो तयार नसेल तर दुसऱ्या दुकानात जावे. खिशात कागदी रुमाल आणि पातळ प्लास्टिकची रिकामी पिशवी न्यावी, इतकी तयारी पुरते.

आधी कात्री मिटवून उजेडासमोर धरावी आणि मघाशी सांगितलेली फट तसेच टोकांची भेट तपासावी. टोके एकमेकांना नेमकी भेटली पाहिजेत. एक टोक पुढे गेलेले किंवा दोघांमध्ये अंतर राहिलेले असेल, तर बारीक काम होणार नाही. त्यानंतर कात्री सावकाश उघडून मिटावी. चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी असावी, मध्येच अडखळू नये किंवा एकदम सैल पडू नये.

मग कागदी रुमाल पाण्याने ओला करून केवळ टोकाच्या दीड-दोन सेंटीमीटर भागाने कापावा. कोरडा कागद कोणतीही कात्री कापते. ओला कागद मात्र सैल सांध्याला लगेच उघडे पाडतो, कारण तो फाटतो किंवा पात्यांमध्ये दुमडतो. पातळ पिशवी सांध्यापासून टोकापर्यंत एका झटक्यात स्वच्छ कापली गेली पाहिजे. शेवटी, सुटी होणारी कात्री स्वतः दोन-तीनदा सुटी करून पुन्हा जोडून पाहावी. दुकानात जे सहज जमत नाही, ते घरी माशाने भरलेल्या हातांनी तर जमणारच नाही.

ऑनलाइन घेणाऱ्यांना या चाचण्या घरी कराव्या लागतात, तेव्हा परत करण्याची मुदत आधी वाचावी आणि वस्तू अन्नाला लावण्यापूर्वी ओल्या कागदाची परीक्षा घ्यावी. विक्रेत्याने पाती सुटी केलेले छायाचित्र दिले नसेल आणि पोलादाचा आकडाही दिला नसेल, तर तिकडे न वळलेले बरे.

वापर, धुणे आणि धार

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडून टाकू नये. तो पिशवीला लटकत राहील इतपतच काप द्यावा, म्हणजे पिशवी पुनर्वापरासाठी देताना तो बारीक तुकडा कचऱ्यात हरवत नाही. पिशवीचा बाहेरचा भाग वाहतुकीत मळलेला असतो, म्हणून पिशवी आधी धुवावी किंवा कात्री नंतर धुवावी. खजूर किंवा जर्दाळू कापताना पात्यांना तेलाचे बोट लावले की चिकटपणा त्रास देत नाही. चिकटपट्टी मात्र या कात्रीने कापू नये, कारण तिचा डिंक पात्यांवर बसून चाल जड करतो.

कच्चे मांस किंवा मासा कापल्यावर पाती सुटी करून साबणाने व गरम पाण्याने धुवावीत, फडक्याने कोरडी करावीत आणि मगच जोडावीत. स्टेनलेस पोलादही मिठाच्या आणि आंबट पाण्यात रात्रभर पडून राहिले तर त्यावर बारीक खड्डे पडतात, म्हणून कात्री खरकट्या भांड्यांत टाकून झोपू नये. सांध्यावर महिन्यातून एकदा तेलाचा थेंब सोडावा. त्यासाठी खोबरेल तेल बरे, कारण ते सूर्यफुलाच्या किंवा जवसाच्या तेलासारखे हवेत सुकून चिकट होत नाही. थंडीत ते गोठते, पण बोटांच्या उबेने लगेच वितळते.

धार लावून घेताना धारवाल्याला दोन गोष्टी आधीच सांगाव्यात. साध्या पात्याची बाहेरची उतरती कडच घासायची, आतली बाजू सहाणेवर धरायची नाही, आणि दातेरी पात्याला हात लावायचा नाही. आतली खोलगट बाजू एकदा सपाट झाली की पाती एका बिंदूवर भेटेनाशी होतात आणि कात्री कायमची बिघडते. वेगाने फिरणाऱ्या चाकावर पाते जास्त वेळ दाबून धरले तर ते तापून निळसर पडते, आणि तेवढ्या भागाचा कडकपणा जातो. म्हणून मध्ये मध्ये ते पाण्यात बुडवायला सांगावे. ॲल्युमिनियमचा कागद कापून धार लावण्याचा उपाय बराच प्रचलित आहे. त्याने कडेवरची बारीक खर निघून काही दिवस बरे वाटते, पण गेलेली धार परत येत नाही.

सुट्या होणाऱ्या कात्रीचे बोंड झिजून ती खडखडू लागली, तर धार लावून घेण्यावर पैसे घालवू नयेत. अशी कात्री कुंड्यांतल्या वाळक्या फांद्या छाटायला बाल्कनीत ठेवावी आणि स्वयंपाकघरासाठी नवी आणावी.